कुमामोतोची बाकदार भिंत

जपानी किल्ला म्हटला की डोळ्यांपुढे येतो तो छपरांवर छपरं चढलेला उंच मनोरा. त्याला तेन्शू म्हणतात. फोटो त्याचेच निघतात. पण १८७७ मध्ये सरकारविरुद्ध उठलेला सामुराई साइगो ताकामोरी याच्या बंडखोर सैन्याने जपानच्या दक्षिणेकडच्या कुमामोतो किल्ल्याला वेढा घातला, त्याच्या तोंडावरच तिथला तेन्शू आगीत जळून गेला होता. तरीही सुमारे पन्नास दिवस किल्ला पडला नाही. आत बंदुका आणि तोफा होत्याच, पण त्या ज्यांच्या आडून चालल्या त्या दगडी भिंती, म्हणजे इशिगाकी, आगीनंतरही जशाच्या तशा होत्या. मला या किल्ल्यांत सगळ्यात जास्त भावते ती ही भिंत.

कातो कियोमासा या सरदाराने १६०७ च्या सुमारास हा किल्ला पुरा केला. या भिंतीच्या दगडांत चुना नाही, आपल्या कोकणातल्या गडग्यासारखीच ही कोरडी रचाई. पायथ्याशी उतार इतका सौम्य की चार पावलं धावत चढता येतील. वर जावं तशी भिंत उभी होत जाते आणि माथ्याशी जवळजवळ ओळंब्यात येते. हल्लेखोर चढायला लागतो आणि मधेच अडकतो, म्हणून या बाकाचं नाव मुशा-गाएशी, योद्ध्याला परतवणारा.

पण हा बाक मातीलाही तोंड देतो. भिंतीमागचा भराव तिला सतत बाहेर रेटत असतो आणि हा दाब खोलीबरोबर वाढतो. त्यामुळे उंची दुप्पट केली की एकूण रेटा चौपट होतो आणि भिंत उलथवण्याची त्याची ताकद आठपट. दगडांचं वजन सरळ खाली, मातीचा रेटा आडवा. दोन्ही मिळून जे बल होतं ते तिरकं. त्याची रेषा भिंतीच्या पायातच उतरली पाहिजे, बाहेर गेली की भिंत कोसळली. माथ्याशी रेटा नगण्य, तिथे उभी भिंत चालते. खाली येताना पाया पुढे सरकवत नेला की रेषा आत राहते. गवंड्यांनी हे गणित कागदावर केलं नव्हतं, पण भिंतीच्या बाकात ते उतरलं आहे.

दर्शनी दगडांमागे लहान दगडगोट्यांचा जाड थर असतो, गुरी-इशी. पावसाचं पाणी त्यातून निचरून जातं. पाणी साचलं असतं तर मातीच्या रेट्यात त्याचाही दाब मिळाला असता. कोपऱ्यावर लांबट दगड एकाआड एक दिशा बदलून रचतात, म्हणजे दोन्ही बाजू एकमेकींत गुंततात.

क्योतोच्या निजो किल्ल्यातली चालताना चिवचिवणारी लाकडी जमीन मारेकऱ्यांची चाहूल लागावी म्हणून मुद्दाम केली, असं सगळीकडे सांगतात. तो आवाज फळ्यांखालचे लोखंडी आकडे आणि खिळे घासल्याने येतो. अशा गोष्टी ऐकून लोक भिंतीकडे न बघताच पुढे जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

१४ आणि १६ एप्रिल २०१६ च्या भूकंपांत कुमामोतोच्या भिंती जागोजागी ढासळल्या. हादऱ्यांनी मागचे गोटे खाली बसतात आणि दर्शनी दगडांना बाहेर ढकलतात. इइदामारू बुरुजाखालची भिंतही गेली, पण कोपऱ्याच्या दगडांची एक उभी रांग उरली आणि बुरुजाचा तो कोपरा तिच्यावर टेकून राहिला. आता पडलेल्या दगडांना क्रमांक घालून, जुन्या फोटोंशी ताडून, प्रत्येक दगड त्याच्या मूळ जागी बसवायचं काम चालू आहे. ते २०५२ पर्यंत चालेल असा अंदाज आहे.