चेरोकींना देशोधडीला लावणारा करार

अमेरिकेच्या आग्नेय भागातून चेरोकी या मूळनिवासी लोकांना १८३८-३९ मध्ये मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला हाकलून दिलं गेलं. त्याच्या हकिगती बहुतेकदा हिवाळ्यातल्या पायपिटीपासून सुरू होतात. पण ज्या कागदाच्या जोरावर ही पायपीट लादली गेली, तो आधी बघायला हवा.

जॉर्जिया, टेनेसी, नॉर्थ कॅरोलिना आणि अलाबामा इथल्या डोंगराळ मुलखात चेरोकी पिढ्यानपिढ्या राहत होते. गोऱ्यांची रीतभात उचला, असं त्यांना सरकारच सांगत असे आणि त्यांनी ते मनावर घेतलं. त्यांच्यातल्याच सेक्वोयाने १८२१ च्या सुमारास त्यांच्या भाषेसाठी लिपी घडवली. १८२७ मध्ये लेखी राज्यघटना झाली, १८२८ मध्ये न्यू एकोटा या राजधानीतून ‘चेरोकी फिनिक्स’ हे द्विभाषिक वर्तमानपत्र निघालं. सधन चेरोकींकडे मळे होते आणि मळ्यांवर राबणारे कृष्णवर्णीय गुलामही. हे झाकून चालणार नाही, कारण पुढे त्या गुलामांनाही तीच वाट तुडवावी लागली.

कापसासाठी या जमिनीवर डोळा होताच, त्यात उत्तर जॉर्जियात सोनं सापडलं. राज्याने चेरोकींचे कायदे रद्दबातल ठरवले आणि गोऱ्यांविरुद्धची त्यांची साक्ष कोर्टात चालेनाशी केली. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी २८ मे १८३० रोजी मूळनिवासींना पश्चिमेकडे हलवण्याच्या कायद्यावर सही केली. प्रतिनिधिगृहात तो १०२ विरुद्ध ९७ मतांनी, म्हणजे जेमतेम, मंजूर झाला होता. चेरोकी कोर्टात गेले. जॉर्जियाचे कायदे चेरोकी भूमीवर लागू होत नाहीत, असं १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘वूस्टर विरुद्ध जॉर्जिया’ खटल्यात स्पष्ट सांगितलं. जॉर्जियाने निकाल धाब्यावर बसवला आणि त्याच वर्षी चेरोकींच्या जमिनी गोऱ्यांना लॉटरीने वाटायला काढल्या. चेरोकींचे प्रमुख जॉन रॉस १८३५ मध्ये वॉशिंग्टनहून घरी परतले, तेव्हा लॉटरीत ते घर लागलेल्या माणसाचं बिऱ्हाड तिथे मांडलेलं होतं.

मेजर रिज, त्यांचा मुलगा जॉन आणि ‘फिनिक्स’चे पहिले संपादक इलायस बूडिनॉट यांना आता भांडण्यात अर्थ दिसेना. २९ डिसेंबर १८३५ रोजी त्यांच्या छोट्या गटाने न्यू एकोटा इथे करार केला: ५० लाख डॉलरच्या बदल्यात मिसिसिपीच्या पूर्वेकडची सगळी भूमी. त्याला ना रॉस यांची संमती होती, ना चेरोकींच्या राष्ट्रीय परिषदेची. हजारो चेरोकींनी विरोधाच्या निवेदनांवर सह्या केल्या, तरी सिनेटने, लागणारं दोन तृतीयांश बहुमत एका मताने गाठून, करारावर शिक्कामोर्तब केलं. रिज यांना नुसतं गद्दार म्हणून मोकळं होणं मला पटत नाही, ते हताश झाले होते. मूठभरांच्या सह्या साऱ्या राष्ट्राच्या मानणाऱ्या सिनेटला मात्र अशी कुठलीच सबब नाही.

मे १८३८ मध्ये जमीन सोडून जाण्याची मुदत संपली. जनरल विनफिल्ड स्कॉट यांच्या सैनिकांनी संगिनींच्या धाकावर माणसं घराबाहेर काढली आणि लाकडी कोटांत, छावण्यांत कोंडली. तिथल्या उन्हाळ्यात हगवण आणि तापाने माणसं दगावू लागली. पहिल्या तुकड्या नावांतून पाठवल्या. दुष्काळामुळे उरलेल्यांचं निघणं लांबलं आणि ते काम रॉस यांनी आपल्याकडे घेतलं. मग हजारो लोक भर थंडीत इलिनॉयच्या दक्षिण टोकाला अडकले, कारण पुढे मिसिसिपीत बर्फाचे तुकडे वाहत होते आणि नावा घालता येत नव्हत्या. सुमारे १६,००० लोकांपैकी छावण्यांत आणि वाटेत मिळून ४,००० मेले, असा अंदाज नेहमी दिला जातो. रॉस यांची पत्नी क्वाटी लिटल रॉक इथे वारली.

परिषदेच्या परवानगीविना जमीन विकणाऱ्याला चेरोकी कायद्यात मृत्युदंड होता. २२ जून १८३९ रोजी दोघे रिज आणि बूडिनॉट यांना वेगवेगळ्या ठिकाणी ठार मारण्यात आलं.

याच कराराच्या सातव्या कलमात चेरोकींना अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात आपला प्रतिनिधी पाठवता येईल, असं लिहिलं आहे. २०१९ मध्ये चेरोकी नेशनने, म्हणजे चेरोकींच्या आजच्या राष्ट्राने, किम टीही यांची त्यासाठी निवड केली आणि संसदेकडे या कलमाच्या अंमलबजावणीची मागणी केली.