जोडगोळीचा ताप

मामीच्या फ्रिजमध्ये दह्याच्या गंजामागे एक छोटी बाटली असते. तिच्या खोक्यावर चिकटपट्टी लावून मामीने निळ्या पेनाने लिहिलंय, ‘सकाळी, चहाच्या आधी. कोणी हात लावू नये.’ दुसरी बाटली समोरच्या खोलीत, कूलरच्या वाऱ्यात. तिच्यातल्या कॅप्सूल दिवसातून दोनदा. फ्रिजमधलं ते ट्रामेटिनिब, समोरच्या खोलीतलं ते डाब्राफेनिब. मामाला फुप्फुसाचा कॅन्सर आहे. गाठीच्या तपासणीत बीआरएएफ नावाच्या जनुकात व्ही६००ई हा बदल निघाला, म्हणून ही जोडी. फुप्फुसाच्या शंभर रुग्णांत हा बदल जेमतेम एक-दोघांना असतो. त्यामुळे मानेवाड्यातल्या त्यांच्या गल्लीत मामीला अनुभवाचे चार शब्द सांगणारं कोणी नाही. एरवी नागपुरात कॅन्सरवर सल्ला द्यायला पानठेल्यावरचा माणूसही तयार असतो.

मामीचा प्रश्न एकच असतो, आणि तो बहुतेक रात्री साडेनऊनंतर येतो. “ताप आला तं गोळी देऊ का नको?”

या प्रश्नाचं उत्तर २०१३ साली वेगळं होतं, आज वेगळं आहे. ते का बदललं, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

किमो म्हणजे काय, हे आपल्याकडे घराघरांत ठाऊक आहे. सलाईनमधून औषध, केस जाणं, उलट्या, पांढऱ्या पेशी घसरणं. ती औषधं भराभर वाढणाऱ्या सगळ्याच पेशींना झोडपतात. मग १९९८ मध्ये स्तनाच्या कॅन्सरसाठी ट्रास्टुझुमॅब आलं, २००१ मध्ये रक्ताच्या एका कॅन्सरसाठी इमॅटिनिबची गोळी आली, आणि ‘नेमका घाव’ हा शब्द डॉक्टरांच्या तोंडी बसला. टार्गेटेड थेरपी. या शब्दाने एक गैरसमजही पसरवला, की नेम धरून मारलं म्हणजे बाकी शरीराला धक्का लागणार नाही. हा गैरसमज टिकायला नको होता, कारण ट्रास्टुझुमॅबच्या मुख्य चाचणीतच धोक्याची घंटा वाजली होती. अँथ्रासायक्लिन गटातल्या किमोसोबत ते दिलं तेव्हा २७ टक्के स्त्रियांच्या हृदयावर परिणाम दिसला. ज्या प्रथिनावर औषधाचा नेम, ते हृदयाच्या स्नायूलाही लागतं. आज ही औषधं घेणाऱ्यांना ठराविक दिवसांनी इको करायला धाडतात, त्याचं मूळ तिथे आहे.

आता मामाच्या जोडगोळीकडे. बीआरएएफमधला हा बदल कॅन्सरमध्ये असतो, हे २००२ मध्ये कळलं. पेशीला ‘वाढ’ म्हणणारा निरोप एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जातो. बीआरएएफ जनुकापासून बनणारं रॅफ मेकला सांगतं, मेक पुढे एर्कला. व्ही६००ई बदल झाला की रॅफचं बटण चालू स्थितीतच अडकतं. गच्चीवरची टाकी भरून वाहतेय आणि खाली मोटार काही बंद होत नाही, तसं. ते बटण दाबून धरणारं पहिलं औषध, व्हेम्युराफेनिब, २०११ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते होतं मेलानोमासाठी, म्हणजे त्वचेतल्या रंगपेशींच्या कॅन्सरसाठी. आपल्याकडे तो दुर्मीळ, गोऱ्या कातडीच्या देशांत बराच. त्यामुळे या सगळ्या औषधांचा बराचसा अनुभव ऑस्ट्रेलिया, युरोप, अमेरिकेतल्या रुग्णांच्या अंगावरून आलेला आहे. ४५ अंशांत राहणाऱ्या माणसाच्या नव्हे. हा मुद्दा पुढे येईलच.

व्हेम्युराफेनिबने गाठी विरघळल्यासारख्या आक्रसायच्या, आणि सहा-सात महिन्यांत परत यायच्या. निरोप दुसऱ्या वाटेने मेकपर्यंत पोचायला लागायचा. शिवाय एक विचित्र प्रकार दिसला. साधारण पाचातल्या एका रुग्णाच्या कातडीवर नव्याच, वेगळ्या जातीच्या कॅन्सरच्या गाठी उठायच्या. २०१० च्या सुमारास त्याचं कोडं सुटलं. जिथे बीआरएएफ धडधाकट आहे, पण वरचं रास नावाचं प्रथिन बिघडलेलं आहे, तिथे हेच औषध निरोप थांबवण्याऐवजी उलट वाढवतं. उन्हाने पोळलेल्या कातडीत अशा पेशी असतातच. एका जागी आग विझवणारं औषध दुसऱ्या जागी फुंकर घालत होतं.

यावर तोडगा म्हणजे साखळीतलं पुढचं मेकही दाबायचं. टीबीमध्ये हा धडा आधीच मिळालेला आहे. एकट्या स्ट्रेप्टोमायसिनला जंतू दाद देईनासे झाले तेव्हा जोडीला दुसरं औषध आलं. पण दोन औषधं एकत्र आली की त्रासही दुप्पट, असं आपण धरून चालतो. इथे हिशोब तसा निघाला नाही. २०१२ मध्ये डाब्राफेनिब एकटं आणि डाब्राफेनिब-ट्रामेटिनिब जोडीने, अशी तुलना प्रसिद्ध झाली. आजार आटोक्यात राहण्याचा काळ ५.८ महिन्यांवरून ९.४ महिन्यांवर गेला. कातडीवरच्या त्या नव्या गाठी १९ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर उतरल्या. आणि ताप? एकट्या डाब्राफेनिबवर २६ टक्के रुग्णांना, जोडीवर ७१ टक्के.

म्हणजे जोडीने एक त्रास घालवला आणि दुसरा घरात आणून बसवला. मला या सगळ्या इतिहासात ही अदलाबदल सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण कातडीवरची गाठ डॉक्टर बघतो आणि कापतो. ताप मात्र घरी येतो, रात्री येतो, आणि तो बघायला मामी असते.

प्रत्येक जोडी जमतेच असंही नाही. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये बेव्हासिझुमॅब आणि किमोला पॅनिट्युमुमॅब या आणखी एका टार्गेटेड औषधाची जोड देऊन पाहिली, तर २००९ मध्ये निकाल उलटा आला, त्रास जास्त आणि आजार लवकर वाढलेला. व्हेम्युराफेनिबला इपिलिमुमॅब या प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या औषधाची जोड दिली तर यकृत बिघडू लागलं आणि तो प्रयोग सोडून द्यावा लागला. जी जोडगोळी आज केमिस्टकडे मिळते, तिच्यामागे न जमलेल्या सोयरिकी बऱ्याच आहेत.

२९ मे २०१३ रोजी अमेरिकेत डाब्राफेनिब आणि ट्रामेटिनिब सुटी-सुटी मंजूर झाली, जोडी म्हणून जानेवारी २०१४ मध्ये, आणि फुप्फुसासाठी २०१७ मध्ये. त्या २९ मेच्या सहाच दिवस आधी, २३ मे २०१३ ला, नागपूरचा पारा ४७.९ वर गेला होता. दोन्ही गोष्टींचा तेव्हा काही संबंध नव्हता. आता आमच्या घरात आहे.

सुरुवातीच्या सूचना अशा होत्या. ताप १०१.३ फॅरनहाइटच्या वर गेला तर डाब्राफेनिब थांबवा. ट्रामेटिनिब चालूच ठेवा, ते थांबवायचं १०४ च्या वर. शिवाय पॅरासिटामॉल, फारच झालं तर स्टेरॉइड. कल्पना अशी की औषधाचा एकही दिवस वाया जाऊ नये. पण तापासोबत थंडी वाजायची, रक्तदाब पडायचा, अंगातलं पाणी आटून मूत्रपिंडावर ताण यायचा, आणि लोक कंटाळून औषधच सोडायचे. २०१७ मध्ये ऑपरेशननंतर ही जोडी वर्षभर देण्याची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, तिच्यात औषध मिळालेल्यांपैकी २६ टक्के लोकांनी त्रासामुळे मध्येच औषध सोडलं. औषध लागू पडतंय, आणि चौघांतला एक जण ते पुरं करत नाही.

तेव्हा नियम उलटा करून पाहिला. ताप १०० पॉइंट ४ झाला, म्हणजे ३८ सेल्सिअस, की दोन्ही औषधं लगेच बंद. याआधी ताप येऊन गेला असेल तर थंडी, घाम, अंग मोडून येणं अशी चाहूल लागली तरी बंद. सलग २४ तास ताप नसला की दोन्ही पुन्हा सुरू, त्याच डोसने. साडेपाचशेच्या वर रुग्णांवर हे पाहिलं. तीव्र ताप, तापामुळे भरती होणं किंवा तापापायी औषध कायमचं सोडणं, या तिन्हींचं मिळून प्रमाण आधीच्या चाचणीत २० टक्के होतं, ते ८ टक्क्यांवर आलं. औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकातही आता १०० पॉइंट ४ आहे आणि दोन्ही थांबवायला सांगितलंय.

हे कागदावर सोपं दिसतं. घरात नाही. एवढ्या महागाची गोळी, ती बंद कशी करायची? मामाचं म्हणणं असं की गोळी चुकली तर आजाराला फावतं. शिवाय ‘सोसलं पाहिजे’ हे आपल्या हाडात आहे. पहिल्या वेळी त्याने ताप लपवला. मामी कपाळाला हात लावायची तर म्हणायचा, उन्हातून आलो ना.

गेल्या पावसाळ्यात त्याला रात्री १०३ ताप चढला. जवळच्या एका दवाखान्यात नेलं. फाइलवर कॅन्सर वाचून तिथल्या डॉक्टरांनी लगेच अँटिबायोटिक लावलं, डेंग्यूची तपासणी केली. यात त्यांचं सगळं चुकलं असं नाही म्हणणार. किमोच्या रुग्णाला ताप आला तर पांढऱ्या पेशी पडल्या असण्याचा धोका असतो, तिथे तासभर थांबणंही महागात पडतं. आणि या जोडगोळीवर असणाऱ्याला डेंग्यू होणार नाही, असा काही करार नाही. पण दोन्ही गोळ्या मामीच्या पिशवीतून वेळेवर निघत राहिल्या, कारण बंद करा असं कोणी म्हटलंच नाही. तीन दिवस ताप हलला नाही. चौथ्या दिवशी कॅन्सरच्या डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं. “दोन्ही थांबवा.” दुसऱ्या दिवशी दुपारी मामाने वरणभात मागितला.

तेव्हापासून फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत औषधांची नावं आहेत, खाली १०० पॉइंट ४, आणि डॉक्टरांचा नंबर. कोणत्याही कॅज्युअल्टीत ते पान आधी पुढे करायचं.

नागपूरच्या उन्हाने यात आणखी गुंता केलाय. ट्रामेटिनिबला २ ते ८ अंश लागतात, ते फ्रिजचं झालं. डाब्राफेनिबला २५ अंशांच्या आसपासची खोली हवी. मे महिन्यात अशी खोली मानेवाड्यात दाखवा. मेडिकल, तुकडोजी, जामठा या इथल्या रुग्णालयांत गोंदिया-चंद्रपूरपासून बालाघाट-छिंदवाड्यापर्यंतचे रुग्ण येतात, एसटीत पाच-पाच तास बसून. थंडाव्याची औषधं बर्फाच्या डब्यात नेणाऱ्या बाया तिथे नेहमी दिसतात. त्यात उन्हाने अंग तापलं की गोळीने, हे कपाळाला हात लावून कळत नाही. सावलीत अर्धा तास बसवून, गार पाणी पिऊन झाल्यावर थोडं थांबून मग थर्मामीटर. यंत्रंही उन्हात चुकतात. मे २०२४ मध्ये इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते, नंतर हवामान खात्याने सेन्सरचा दोष म्हटलं. मामीने त्याच आठवड्यात दुसरा थर्मामीटर आणला.

पाणी भरपूर पाजायचं, हे सगळे सांगतात. मामी पन्हं करायची, गूळ सढळ. डाब्राफेनिबने साखर वाढू शकते आणि मामाला मधुमेह आहे, हे आमच्या लक्षात उशिरा आलं. आता ताक.

पुरळाचा इतिहास वेगळ्या औषधांतून आला. मेक दाबणारी आणि ईजीएफआर (पेशीच्या पृष्ठभागावर वाढीचा निरोप पकडणारं प्रथिन) दाबणारी औषधं घेतली की चेहऱ्यावर, छातीवर पुटकुळ्या येतात. दिसायला मुरमांसारख्या, पण मुरमं नव्हेत, त्यामुळे मुरमांचं क्रीम लावलं की कातडी आणखी सुकते. पूर्वी पुरळ आलं की बघू, असं चालायचं. २०१० मध्ये ईजीएफआर दाबणाऱ्या पॅनिट्युमुमॅबवरच्या एका अभ्यासात पुरळ येण्याआधीच मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, सौम्य स्टेरॉइड क्रीम आणि डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू केलं, तर मध्यम ते तीव्र त्रास ६२ टक्क्यांऐवजी २९ टक्के लोकांनाच झाला. डॉक्सिसायक्लिनने ऊन जास्त लागतं, ही आमच्या गावासाठीची तळटीप. मामा सनस्क्रीनला ‘पावडर’ म्हणतो आणि टाळतो. दुपट्टा मात्र बांधतो.

तोंड येण्याचंही तसंच. स्तनाच्या कॅन्सरमध्ये एव्हरोलिमस आणि एक्झिमेस्टेन एकत्र देतात, तेव्हा तोंडात जखमा व्हायच्या. २०१७ मध्ये दिसलं की पहिल्या दिवसापासून डेक्सामेथासोनच्या द्रावणाने चूळ भरली तर मध्यम ते तीव्र जखमा दोनच टक्के स्त्रियांना होतात, आधीच्या चाचणीत हा आकडा ३३ होता. अर्थात चूळ भरून वर सावजी रस्सा ओढला तर कोण काय करणार. आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा चोळणाऱ्या विदर्भात तोंडातली जखम ही नुसती गोळीची म्हणून सोडून द्यायची नसते, ती दाखवायचीच.

डोळ्यांचं आणि हृदयाचं थोडक्यात. ट्रामेटिनिबने पडद्यामागे पाणी साठू शकतं, क्वचित तिथली शीर तुंबते; अचानक धूसर दिसलं तर चष्म्याच्या दुकानात न जाता त्याच दिवशी डॉक्टर. इको सुरुवातीला, महिन्याने, मग दर दोन-तीन महिन्यांनी.

पैशाचा इतिहास याहून लांब आहे. २०१२ मध्ये भारताने यकृत-मूत्रपिंडाच्या कॅन्सरवरच्या सोराफेनिबसाठी सक्तीचा परवाना दिला, म्हणजे मूळ कंपनीच्या संमतीविना दुसऱ्या कंपनीला ते बनवू दिलं, आणि महिन्याचा खर्च २ लाख ८० हजारांवरून ८,८८० रुपयांवर आला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इमॅटिनिबच्या पेटंटचा दावा फेटाळला. टार्गेटेड गोळ्या मध्यमवर्गीय घरांत शिरल्या त्या अशा स्वस्ताईमुळे, आणि त्यांचे त्रास वॉर्डातून स्वयंपाकघरात आले तेही त्यामुळेच. मामाची जोडगोळी त्या स्वस्ताईत नाही. म्हणूनच ताप आला की मामीच्या हातात गोळी अडखळते.

तिने आता कालनिर्णयवरच हिशोब ठेवलाय. गोळी दिली की टिंब. परवाच्या मंगळवारच्या चौकटीत संध्याकाळी ‘१००.६ बंद’, बुधवारी ‘९९’, गुरुवारी ‘९८.२, रात्री पण’. शुक्रवारी पहाटे तिचा फोन आला. ताप नव्हता म्हणून डॉक्टरांना विचारून गोळी दिली होती, आणि मामा तर्री पोहे मागत होता. गोळीनंतर तासभर काही खायचं नसतं.

“अजून वीस मिनटं हायेत,” ती म्हणाली, “तू त्याच्याशी बोलत रायजो.”