पाच एचपीची मोटर, दोन इंची पाइप

आर्वी तालुक्यातला माझा पुतण्या लग्नाचं शूटिंग करतो. मिक्सिंगही घरीच, सहा वर्षं जुन्या लॅपटॉपवर. परवा त्याचा फोन आला, "काका, नवीन चिप येऊन राह्यली म्हनते. आता घेऊ का थांबू दिवाळीपर्यंत?" पाठोपाठ व्हॉट्सॲपवर चार-पाच स्क्रीनशॉट. बाजारात न आलेल्या लॅपटॉपचे फुटलेले आकडे. ग्राफिक्स अमुक टक्क्यांनी जास्त, तमुक गेम इतक्या फ्रेमनं.

अंदाज वाचायची आम्हा विदर्भवाल्यांना जुनी सवय. बुलडाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कुठलं धान्य सरकलं, घागरीवरचे पदार्थ कसे राहिले, हे पाहून पाऊसपाण्याचं भाकीत सांगतात. चिपांची घटमांडणी करणारे लोक जगभर आहेत, त्यांचे दाणे तेवढे वेगळे. त्यातला एक दाणा बराच भरवशाचा आहे. चिप बनवणाऱ्या इंटेल आणि एएमडी या कंपन्या नव्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारं सॉफ्टवेअर, लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये उघडपणे टाकतात, तोही चिप दुकानात येण्याच्या कितीतरी महिने आधी. त्यावरून चिप येतेय आणि ती कुठल्या कुळातली, एवढं पक्कं कळतं. वेग मात्र कळत नाही. गीकबेंच, थ्रीडीमार्क या वेग मोजणाऱ्या चाचण्यांच्या याद्यांत दिसणारे वेगाचे आकडे बहुतेकदा चाचणीच्या नमुन्याचे असतात. क्लॉक स्पीड, म्हणजे चिपच्या ठोक्यांचा वेग, मुद्दाम कमी ठेवलेला, ड्रायव्हर अर्धाकच्चा, आणि चिपला किती वॅट मिळत होते याचा पत्ता नाही.

म्हणून मी त्यालाच उलट विचारलं, "तुझ्या विहिरीवर मोटर केवढी?"

"पाच एचपी."

"अन् पाइप दोन इंची टाकला तर?"

"मंग मोटर बोंबलन. पानी थोडीच वाढनार हाय."

ग्राफिक्सचं, म्हणजे पडद्यावरचं चित्र रंगवायचं, निम्मं गणित त्यानंच सांगून टाकलं. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. सेकंदाला ६० फ्रेम म्हटल्या की १२ कोटी ४४ लाख ठिपके दर सेकंदाला नव्यानं रंगवायचे. नुसता रंग भरून भागत नाही. त्या जागी कापड आहे की माती, मागची वस्तू पुढच्या वस्तूआड गेली का, उजेड कुठून येतो, हे सगळं मेमरीतून पुन्हा पुन्हा आणावं लागतं. हिशेब करणारी यंत्रणा म्हणजे मोटर आणि मेमरीपासून तिच्यापर्यंतची वाट म्हणजे पाइप. या वाटेच्या रुंदीला मेमरी बँडविड्थ म्हणतात.

वेगळं ग्राफिक्स कार्ड असलं की त्याची स्वतःची मेमरी असते, स्वतःचा पाइप असतो. साध्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स प्रोसेसरच्या पोटातच बसवलेलं असतं आणि दोघं एकाच विहिरीवर पाणी भरतात. पुतण्याच्या लॅपटॉपमध्ये डीडीआर४-३२०० रॅमची, म्हणजे या मेमरीची, एकच पट्टी आहे. तिची धाव सेकंदाला २५.६ गिगाबाइटची. तशीच दुसरी पट्टी शेजारी बसवली की ५१.२. सहा वर्षं तो अर्ध्या पाइपवर ओलीत करत होता, आणि विकताना कोणी त्याला हे सांगितलं नाही. स्वस्त लॅपटॉप असेच एका पट्टीवर विकले जातात.

आता या आकड्यांशेजारी नवे आकडे ठेवा. ॲपलची एम४ चिप सेकंदाला १२० गिगाबाइटवर आहे. एएमडीनं जानेवारी २०२५ मध्ये रायझन एआय मॅक्स दाखवली, तिच्यात मेमरीची वाट नेहमीच्या १२८ बिटांऐवजी २५६ बिटांची केली आणि आकडा २५६ गिगाबाइटवर नेला. लॅपटॉपमधल्या एनव्हिडिया कंपनीच्या आरटीएक्स ४०६० या वेगळ्या कार्डाची बँडविड्थही नेमकी २५६ च आहे. पोटातलं ग्राफिक्स आता मधल्या दर्जाच्या कार्डाची बरोबरी करेल, असं जे बोललं जातं ते याच वाटेमुळे, आणि मला ते पटतं. इंटेलच्या पँथर लेक चिपमध्ये १२ एक्सई कोअर, म्हणजे ग्राफिक्सचा हिशेब करणारे मोठे गट, आहेत, पण वाट १२८ बिटांचीच. मेमरी सगळ्यात वेगवान लावली तरी ती सुमारे १५३ गिगाबाइटपर्यंत जाते. तिथं इंटेलनं दुसरी युक्ती केली, शेताच्या धुऱ्यावर टाकी बांधावी तशी ग्राफिक्सजवळ १६ मेगाबाइटची कॅश, म्हणजे छोटी झटपट मेमरी, दिली, म्हणजे प्रत्येक वेळी विहिरीपर्यंत जायला नको. अशा चिपचं ग्राफिक्स एकदम तिप्पट झाल्याचा स्क्रीनशॉट दिसला तर मी आधी पाइप मोजीन.

सप्टेंबर २०२५ मध्ये एनव्हिडियानं इंटेलमध्ये ५ अब्ज डॉलर घालायचं जाहीर केलं. इंटेलचा प्रोसेसर आणि एनव्हिडियाचं आरटीएक्स ग्राफिक्स एकत्र असलेल्या चिपा निघणार, असंही सांगितलं. तेव्हापासून अंदाजांना ऊत आलाय. पण त्यासाठी लग्नाचा सीझन थांबणार आहे का?

दुसरी गोम वॅटची. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ५०९० मध्ये २१,७६० कोअर आहेत आणि तिला ५७५ वॅटपर्यंत लागतात. लॅपटॉपच्या ५०९० मध्ये कोअर १०,४९६ आणि वॅट साधारण ९५ ते १५०. नाव तेच, माल निम्म्याहून कमी. आरटीएक्स ४०६० तर बनवणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे ३५ ते ११५ वॅटवर चालते. एकाच नावाचे दोन लॅपटॉप वेगात इतके वेगळे निघतात, त्याचं कारण हे. बॅटरीवर तर आणखीच पंचाईत. ५० वॉट-अवरच्या बॅटरीतून नुसतं ग्राफिक्सच १०० वॅट ओढू लागलं तर अर्ध्या तासात ठणठणाट, म्हणून लाइट गेली की लॅपटॉप आपणहून वेग पाडतो.

आणि मग आपला मे महिना. चाचण्या होतात पंचवीस अंशांच्या खोलीत. चिप साधारण ९५ अंशांपर्यंत तापू देतात असं धरा. म्हणजे चिप आणि हवा यांत फरक ७० अंशांचा. पंखा तोच, तांब्याच्या नळ्या त्याच, तर बाहेर फेकली जाणारी उष्णता या फरकाच्या प्रमाणात असते. वर्धा-चंद्रपूरकडे दुपारी पारा ४५ वर असतो, तेव्हा फरक उरतो ५० चा. चाचणीच्या खोलीत ६५ वॅट झेपवणारा लॅपटॉप आपल्याकडे जेमतेम ४६ वर येतो. यात थोडा दिलासाही आहे. क्लॉक वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं आणि वीज व्होल्टेजच्या वर्गानं खर्च होते. त्यामुळे शेवटचे काही टक्के वेग सगळ्यात जास्त वॅट खातात. वॅट ३० टक्क्यांनी घटले तरी वेग अंदाजे दहा-बारा टक्केच घटतो. गंमत म्हणजे नव्या पिढीची बढाईही कित्येकदा एवढ्याच टक्क्यांची असते. खोलीत कूलर लावला की कोरड्या हवेत पारा दहा अंश सहज उतरतो. एक अख्खी पिढी ताट्या भिजवून मिळते म्हणायची! फक्त लॅपटॉप कूलरच्या तोंडाशी ठेवू नये, तुषार उडतात. पुतण्याच्या घराशेजारी जिनिंग आहे. रुईचा तंतू पंख्याच्या जाळीत बसतो, तिथं तर कुठलीच नवी चिप काम देणार नाही, मऊ ब्रश देईल.

त्याच्या कामाचा आणखी एक मुद्दा गेमच्या आकड्यांत कुठंच दिसत नाही. व्हिडिओ उलगडायचं काम ग्राफिक्सच्या कोअरकडे नसतं, चिपमध्ये त्यासाठी निराळा कोपरा असतो. पुतण्याचा कॅमेरा १० बिट ४:२:२ या, रंगाचा जास्त तपशील ठेवणाऱ्या प्रकारात रेकॉर्ड करतो. इंटेलच्या पोटातल्या ग्राफिक्सला हा प्रकार काही वर्षांपासून समजतो, एनव्हिडियाच्या कार्डांना तो आरटीएक्स ५० मालिकेत समजू लागला. गेममध्ये पुढे असलेलं जुनं कार्ड अशा व्हिडिओच्या मिक्सिंगमध्ये अडखळायचं, ते यामुळेच.

थांबण्याविरुद्ध एक साधं कारणही आहे. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यावर २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव चढले. चिप नवी आणि रॅम कमी, असे लॅपटॉप निघाले तर मला नवल वाटणार नाही.

काल तो तालुक्याच्या दुकानात गेला होता. तिथूनच फोन. "काका, रॅमची दुसरी जागा हाय का म्हून इचारलं. दुकानदार म्हनते, खोलून पाहा लागन."

"मग खोलायला सांग."

"खोलून राह्यला. वॅटचं इचारलं तं हासला."