शेलचा तारा वेगळा, ग्रेपचा तारा वेगळा

लिनक्सच्या पहिल्यावहिल्या परीक्षेसाठी मजकूर हाताळणारी साधनं किती खोलात शिकवायची, हा विषय निघाला की चर्चा सेड आणि ऑक या मजकुरावर प्रक्रिया करणाऱ्या आज्ञांवर जाऊन अडते. त्यात अडण्यासारखं काही नाही. एलपीआय (लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूट) या संस्थेच्या 'लिनक्स एसेन्शियल्स' या परीक्षेत (०१०-१६०) ग्रेप (नमुन्याशी जुळणाऱ्या ओळी शोधणारी आज्ञा), कॅट, लेस, हेड, टेल, सॉर्ट, कट, डब्ल्यूसी, पाइप, रिडायरेक्शन आणि अगदी प्राथमिक रेगेक्स (मजकुराचा नमुना सांगणारी सूत्रं), एवढंच आहे. सेड येतं पुढे, त्याच संस्थेच्या पुढच्या, एलपीआयसी-१ परीक्षेच्या १०१ क्रमांकाच्या पेपरात. ऑक तर तिथल्या फिल्टरांच्या यादीतही नाही. तरी हौशी मास्तर पहिल्याच आठवड्यात नवशिक्यांना ऑकचे प्रोग्रॅम घोकायला लावतात. आणि तीच मुलं नंतर एका ताऱ्यापाशी (*) आपटतात.

शेलमध्ये, म्हणजे आपण टाइप केलेल्या आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, फाइलींसाठी * वापरायची सवय सगळ्यांना असते, ती इथे उगाळत नाही. तिथे तारा म्हणजे 'काहीही, कितीही, नसलं तरी चालेल'. ग्रेपमध्ये ताऱ्याला स्वतःचं असं काहीच नसतं. त्याच्या आधी जे आहे ते शून्य किंवा अधिक वेळा, इतकंच तो सांगतो.

'कम*ल' घ्या. शेलला यातून कमल आणि कमाल या दोन्ही फाइली मिळतील. ग्रेपला कमाल मिळणार नाही, पण 'कल' मिळेल, कारण म शून्य वेळाही चालतो. शिवाय शेल पूर्ण नाव जुळवतो, तर ग्रेपला ओळीत कुठेही तुकडा सापडला की पुरे. म्हणून कमलाकर, कलश, इतकंच काय, 'अक्कल'सुद्धा हाती लागते! शेलच्या ताऱ्याचं काम ग्रेपमध्ये करायचं तर '.*' लिहावं लागतं; यातलं टिंब म्हणजे कुठलंही एक अक्षर.

खरा घात अवतरणचिन्हं विसरल्यावर होतो. 'ग्रेप कम*ल यादी' असं उघडं लिहिलं आणि त्याच फोल्डरमध्ये कमल आणि कमाल या फाइली असल्या, तर ग्रेप सुरू होण्याआधीच शेल तारा उलगडून टाकतो. ग्रेपला दिसतं ते 'कमल' हे शोधसूत्र, आणि शोधायच्या फाइली कमाल व यादी. तक्रार नाही, चूक नाही, फक्त भलतंच उत्तर. माझ्या वर्गात ग्रेपचं सूत्र एकेरी अवतरणात नसेल तर उत्तर बरोबर आलं तरी गुण नाहीत.

एलएसचा निकाल, म्हणजे फाइलींची यादी, पाइपने ग्रेपकडे पाठवून '*.लॉग' शोधणाऱ्यांवर माझा विशेष राग. साध्या ग्रेपमध्ये सुरुवातीचा तारा हा निव्वळ तारा असतो, मग हाती काय लागणार? उलट फाइली शोधणाऱ्या फाइंडच्या नेम पर्यायाला (-name) शेलचाच तारा लागतो, पण तोही अवतरणातच द्यायचा.

प्रश्नचिन्हाचंही असंच आहे: शेलमध्ये कुठलंही एक अक्षर, विस्तारित रेगेक्समध्ये आधीचं असलं-नसलं. साधा ग्रेप त्याला नुसतं प्रश्नचिन्ह समजतो, म्हणून मोठ्या 'ई'चा पर्याय (-E) द्यावा लागतो. हा सगळा फरक शिकवायला दहा मिनिटं पुरतात.