रत्नपाषाण पात्रे, प्रबोधनकालीन

स्फटिक, अकीक, जास्पर, लाजवर्द अशा कठीण दगडांतून घडवलेले पेले, सुरया, तबके व कलश. पंधराव्या ते सतराव्या शतकांत युरोपातील राजघराण्यांच्या खजिन्यांत त्यांचा मान चित्रांहून मोठा असे. फ्लॉरेन्सचा सत्ताधीश लॉरेन्झो दे मेदिची याच्या मृत्यूनंतर १४९२ मध्ये झालेल्या यादीत सार्डोनिक्सच्या (पट्टेदार अकीकाच्या) एका प्राचीन थाळीची (आजची ‘फार्नेसे थाळी’) किंमत १०,००० फ्लोरिन (तिथली सोन्याची नाणी) लावली आहे. चित्रकार फ्रा अँजेलिकोच्या नावावरच्या गोल चित्राची फक्त १००. आपल्या दगडी पात्रांवर लॉरेन्झो स्वतःचे संक्षिप्त नाव कोरून घेई. त्यांतली बरीच पुढे पोप सातवा क्लेमेंट याने सान लोरेन्झो चर्चला दिली आणि त्यांत संतांचे अवशेष ठेवले गेले.

ही पात्रे ‘कोरलेली’ म्हणतात, पण ती खरे तर झिजवलेली असतात. स्फटिक काय नि अकीक काय, दोन्ही क्वार्ट्झचीच रूपे. खनिजांचे काठिण्य १ ते १० असे मोजणाऱ्या मोस श्रेणीवर ७ च्या आसपास. छिन्नी मारली तर दगड तडकणार. म्हणून फिरत्या चाकाला तेलात कालवलेली कुरुंदाची किंवा हिऱ्याची पूड लावून तो घासत. पोखरता पोखरता आतली एखादी चीर उघडी पडली की केलेले काम फुकट. पात्राला बसवलेली मीनाकारीची सोनेरी कडी नुसती शोभेची नसे; सांधे आणि व्यंगही ती झाकी.

सोळाव्या शतकात या कामात मिलानचा हात धरणारे कोणी नव्हते. मिझेरोनी आणि साराकी या तिथल्या घराण्यांना व्हिएन्ना, म्यूनिक, फ्लॉरेन्सहून मागण्या येत. १५८८ मध्ये ओत्ताव्हियो मिझेरोनी सम्राट दुसऱ्या रुडॉल्फच्या प्राग दरबारी गेला. त्याचा मुलगा दिओनिझिओ याने एकाच स्फटिकातून एकाच्या पोटातून दुसरे असे कलश काढून त्यांची उतरंड रचली (१६५३). ती व्हिएन्नात आहे. फ्लॉरेन्सच्या पिट्टी राजवाड्यातली १५८३ ची लाजवर्दी सुरई वास्तुकार बुओन्तालेन्तीच्या आराखड्यावरून झाली.

फ्रान्सच्या युवराज लुईचा असा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर (१७११) मुलाकडे, म्हणजे स्पेनच्या पाचव्या फिलिपकडे गेला. तो आता माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. १९१८ मध्ये तिथे चोरी झाली. काही पात्रे कायमची गेली, काहींचे सोने व रत्ने उखडली गेली. पात्रांसाठी बनवलेल्या चामडी पेट्याही तिथे जपल्या आहेत. प्रत्येक पेटी आपल्या पात्राच्याच घडणीची, त्यामुळे बंद असली तरी आतली सुरई की पेला ते बाहेरूनच कळते.