वेतोबाच्या चपला आणि देव-भुतामधली रेघ

आरवलीच्या वेतोबाला चपला वाहतात हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही, पण घाटावरच्या मित्रांना सांगितलं की हमखास विचारतात, चपला? देवाला? हो, देवाला. वेंगुर्ले तालुक्यात शिरोड्याला लागून आरवली आहे, तिथे वेतोबाची मूर्ती माणसापेक्षा कितीतरी उंच, आधी फणसाच्या लाकडाची असायची आता पंचधातूची आहे, आणि नवस फेडायला लोक त्याच्या मापाच्या भल्यामोठ्या चामडी चपला आणि केळ्यांचे घड घेऊन येतात. कारण काय, तर वेतोबा रात्री गावाच्या शिवेवरून फिरतो, राखण करतो, आणि चालून चालून चपला झिजतात. मी सात-आठ वर्षांचा असताना आजीने मला तिथे नेलं होतं आणि एका जोडाकडे बोट दाखवून म्हणाली, "बग, झिजलेत मां?"

हे आठवायचं कारण म्हणजे हल्ली सारखी होणारी एक वादावादी. एकजण म्हणतो वेताळ, मुंजा, हडळ या सगळ्या भाकडकथा, पुरावा काय? दुसरा म्हणतो मग तुझ्या देवाचा पुरावा काय? पहिला भडकतो, देवाची आणि भुताची बरोबरी करतोस? आणि चर्चा तिथेच फाटते. मला वाटतं या भांडणात एक गोष्ट दोघांच्याही लक्षात येत नाही, ती म्हणजे देव कुठला आणि भूत कुठलं ही रेघ आपल्याकडे पुरावा तपासून कधी कोणी मारलेलीच नाही. ती मारली गेली वेगळ्याच कारणांनी आणि बऱ्याचदा पुसून परत मारली गेली. म्हणून जरा मागे जाऊन बघूया.

वेताळच घ्या. लिखित वाङ्मयात तो प्रेतात शिरणारा, स्मशानातला, झाडाला उलटा लटकणारा. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने कथासरित्सागर लिहिला त्यात वेताळाच्या पंचवीस गोष्टी आहेत, आपण लहानपणी विक्रम-वेताळ म्हणून वाचल्या त्या ह्याच. म्हणजे पुस्तकात तो गोष्टीतलं पात्र. घाटावर तो भुतांचा राजा, तरी पुण्यात वेताळ टेकडीवर त्याचं देऊळ आहे आणि लोक हात जोडतात. आणि तोच तळकोकणात, गोव्यात उतरला की चक्क ग्रामदैवत होतो, आमोण्याचा बेताळ, लोलयेंचा दगडी बेताळ, ह्यांना कोणी भूत म्हणून दाखवावं त्या गावात! नाव एकच, फक्त घाट उतरला की दर्जा बदलतो.

आता कोणी म्हणेल ही सगळी अडाणी लोकांची गल्लत, संतांनी तर स्पष्ट सांगून ठेवलंय. सांगितलंय ना. सतराव्या शतकात तुकोबांनी एका अभंगात सरळ यादीच दिली, जाखाई नको, जोखाई नको, मेसाबाई नको, मुंजा आणि म्हैसासुराला तर कोण विचारतो, आणि "वेताळें फेताळें । जळो त्यांचें तोंड काळें". इथपर्यंत आजचा सुशिक्षित माणूस मान डोलावतो. पण तोच अभंग नीट वाचा, त्याच यादीत "बहिरव खंडेराव । रोटीसुटीसाठीं देव" आहे, आणि लाडू-मोदकांचा काळ असलेला गणोबाही आहे! जेजुरीचा खंडोबा आणि आपला गणपती, दोघे वेताळाच्याच रांगेत. पलीकडे एकटा पंढरीराव. ही ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा दोनदा वाचली होती, कारण आज आपण जी रेघ मारतो त्यात खंडोबा आणि गणपती आतल्या बाजूला आहेत आणि वेताळ बाहेर, तुकोबांनी ती भलतीकडेच मारली होती. त्यांचा निकष पुराव्याचा नव्हताच. नवस मागतो, मद्यमांस मागतो, खायला मागतो तो देव कसला, असा नीतीचा आणि भक्तीचा निकष होता. (स्वतःबद्दलही ते म्हणतात की "दाऊं नेणें जडीबुटी । चमत्कार उठाउठी". आणि त्यांच्याच गाथेत "उदकीं राखिले कागद" हेही आहे, ज्यावरून इंद्रायणीतून वह्या तरल्याची गोष्ट सांगतात. ज्या माणसाने वेताळाचं तोंड काळं केलं त्याचाच आज सगळ्यात मोठा चमत्कार सांगितला जातो.)

आणि ज्याला त्यांनी रेघेच्या पलीकडे एकटं ठेवलं त्या विठोबाचं काय? पंढरपूरचा चौऱ्यांशीचा शिलालेख यादवांच्या काळातला, १२७३ ते १२७७ मधला, त्यात देवळाला दान देणाऱ्यांची नावं आहेत, म्हणजे तेराव्या शतकात देऊळ आणि यात्रा नक्की होती. पण त्याच्या आधी? लोकसंस्कृतीचे अभ्यासक रा. चिं. ढेऱ्यांनी १९८४ साली श्रीविठ्ठल : एक महासमन्वय हा ग्रंथ काढला, त्यात त्यांनी मांडलं की विठ्ठल मुळात गवळी-धनगरांचा देव असावा. कोल्हापूरकडे पट्टणकोडोलीला आजही विठ्ठल-बिरदेव जोडीने पूजले जातात, धनगर भंडारा उधळतात. काही अभ्यासकांनी असंही मांडलंय की पंढरपूरचं मूळ एखाद्या वीरगळात असेल, म्हणजे गुरं वाचवताना मेलेल्या वीराच्या दगडात. हे सगळं तर्क आहेत, शंभर टक्के सिद्ध झालेलं नाही, आणि काही वारकऱ्यांना ते आवडतही नाही. पण मला स्वतःला यात विठोबा लहान होताना दिसत नाही. रानातल्या माणसांचा देव ज्ञानेश्वर-नामदेवांच्या मांडीला मांडी लावून बसला, यात कमीपणा कुठला?

म्हसोबाची गोष्ट तर त्याहून विलक्षण. पुराणात महिषासुर राक्षस, देवी त्याला मारते, दसऱ्याला आपण तो विजय साजरा करतो. आणि बांधावर शेंदूर लावलेला म्हसोबा शेताची राखण करतो, कोंबडं-नारळ घेतो. इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या आसपास पायी फिरून असले शेंदरी दगड, त्यांच्या जत्रा, त्यांच्या जुन्या पायवाटा नोंदवत होते, ते १९६२ मध्ये पुस्तकात आलं, आणि त्यांनी म्हसोबाचा धागा महिषासुराशी जोडला. म्हणजे पोथीतला राक्षस हाच शेतकऱ्याचा देव. आणि पुरंदर तालुक्यातल्या वीरचा म्हस्कोबा बघा, आज श्रीनाथ म्हस्कोबा म्हणतात, काळभैरवाचा अवतार मानतात, मोठी यात्रा भरते. बढतीच ही. बांधावरच्या म्हसोबाला मात्र अजून शेंदूरच मिळतो.

उलटा प्रवासही होतो. कोकणात, गोव्यात देवचार म्हणजे राखणदार, हातात काठी, खांद्यावर घोंगडी, रात्री वाट चुकलेल्याला घरी सोडणारा. आणि गोव्यातल्या ख्रिस्ती कोंकणीत देवचार म्हणजे सैतान! पोर्तुगीजांच्या काळात सोळाव्या शतकात देवळं पाडली गेली, मिशनऱ्यांना प्रार्थनेत सैतानासाठी स्थानिक शब्द हवा होता आणि तो गावाच्या राखणदाराच्या नावावर जाऊन पडला. शेजारशेजारच्या दोन घरांत एकच शब्द, एकात त्याला रोट देतात, दुसऱ्यात त्याच्यापासून वाचव म्हणून प्रार्थना करतात.

मग आले इंग्रज आणि त्यांनी ह्या सगळ्याला एक नवीन कप्पा दिला, फोकलोअर. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन, ज्याला २१ डिसेंबर १९०९ ला अनंत कान्हेरेंनी गोळी घातली तो, त्याला लोकसमजुती गोळा करायचा नाद होता. त्याने प्रश्नावली तयार करून गावोगावच्या शाळामास्तरांकडे पाठवली होती, तुमच्याकडे भुतं कुठली, नवस कुठले, झाडं कुठली पूजतात वगैरे. तो मेल्यावर एन्थोव्हेन नावाच्या दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्याने ती टिपणं संपादित करून १९१४-१५ च्या सुमारास छापली, एक भाग गुजरातचा, एक कोकणचा. मला ह्या प्रसंगातला मास्तर फार महत्त्वाचा वाटतो. तो शिकलेला, बऱ्याचदा गावातल्या वरच्या जातीतला, आणि त्याने ठरवायचं की साहेबाच्या कागदावर काय लिहायचं. त्याच्या घरचा देव धर्म म्हणून राहणार आणि वाडीबाहेरच्या लोकांचा देव समजूत म्हणून कागदावर जाणार, असं झालं असेल तर नवल नाही. त्याच काळात, १९०१ च्या जनगणनेत, अ‍ॅनिमिस्ट, म्हणजे झाडाझुडपांत, दगडांत, प्राण्यांत आत्मा मानणारे, असा धर्माचा रकाना होता. वारल्यांचा वाघोबा, लाकडावर कोरलेला, शेंदूर लावलेला, तो हिंदू का अ‍ॅनिमिस्ट, हे मोजणाऱ्यालाही धड सांगता येत नव्हतं, पण रकाना भरायचा होता. आज आपण शहरात बसून "ती लोककथा, हा धर्म" म्हणतो ना, त्यातला बराच भाग ह्या रकान्यांतून आलाय.

पण याचा अर्थ सगळं सारखंच आणि पुराव्याला काही किंमत नाही असा कोणी काढला तर मी त्याच्याशी भांडेन. कारण भूत आणि चेटूक ह्या गोष्टींनी माणसं मेलीत, बायकांना चेटकीण ठरवून मारलंय, साप चावलेल्याला दवाखान्याऐवजी मांत्रिकाकडे नेलंय. डॉ. नरेंद्र दाभोलकर जवळपास १८ वर्षं जादूटोणाविरोधी कायद्यासाठी झगडले, वारकरी संघटनांपासून अनेकांचा विरोध झाला, मसुदा किती वेळा बदलला, आणि २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला निघाले असताना त्यांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. सहा महिने ते सात वर्षं कैद, पाच हजार ते पन्नास हजार दंड.

तो कायदा खरंच वाचून बघा, त्यात भूत आहे की नाही हा प्रश्नच विचारलेला नाही. भूत उतरवायच्या नावाखाली दोरीने, साखळीने बांधून मारलंत का, अमुक बाई करणी करते म्हणून तिचं जगणं मुश्किल केलंत का, साप-विंचू चावल्यावर औषधोपचार अडवलात का, हे विचारलंय. आणि दुसरीकडे वारी, यात्रा, कीर्तन, प्रदक्षिणा यांना हात लावलेला नाही, इतकंच काय, होऊन गेलेल्या संतांचे चमत्कार सांगायलाही मोकळीक आहे. कित्येकांना हे अर्धवट वाटतं, देवाला सूट आणि भुताला शिक्षा असं का म्हणून. मला मात्र वाटतं की इतक्या शतकांत पहिल्यांदा कोणीतरी रेघ अशा जागी मारली जिथे ती तपासता येते. वळ दिसतात, साखळी दिसते, डॉक्टरचा रिपोर्ट दिसतो. कुणाचा देव वरचा आणि कुणाचा खालचा हे त्यात कुठेच येत नाही, वेतोबाला आणि विठोबाला एकच कलम.

आरवलीला अजून चपला येतात. कोणाला त्याने मार बसत नाही, कोणाचं औषध थांबत नाही. मी स्वतः वेतोबा रात्री चालतो असं मानत नाही, आजी मानायची, आणि अंधारात तिठ्यावरून एकटी येताना तिला त्याचा आधार वाटायचा हे मी पाहिलंय. त्या दिवशी तिने विचारलं तेव्हा मी "होय, झिजलेत" म्हणालो होतो. तळवे मी नीट बघितले नव्हते, मी तिच्या तोंडाकडे बघत होतो.