'काळे भाऊ': धुराड्यातली मुले आणि परागंदा लेखक

लिझा टेट्झनर यांची 'दी श्वार्झन ब्रूडर', म्हणजे 'काळे भाऊ', ही जर्मन किशोर कादंबरी 1940-41 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाली. गोष्ट घडते त्याच्या शंभर वर्षे आधी. तिचिनो प्रांतातल्या सोनोन्यो गावच्या जॉर्जोची आई पाय मोडून पडते, डॉक्टरला द्यायला घरात पैसा नसतो आणि बाप पोराला दलालाच्या हवाली करतो. पोरगा मिलानला जातो, धुराडी साफ करायला.

हा व्यवहार कल्पनेतला नाही. तिचिनो हा दक्षिण स्वित्झर्लंडचा इटालियन बोलणारा डोंगराळ प्रांत. व्हेर्झास्काच्या खोऱ्यात किंवा चेंतोव्हालीत शेताचे तुकडे उतारावर, पोट भरायचे ते शेळ्या आणि चेस्टनटवर. हिवाळ्यात शेतात काम नसे, खाणारी तोंडे मात्र तेवढीच. नेमके त्याच दिवसांत उत्तर इटलीच्या शहरांतल्या चुली आणि शेकोट्या पेटत. मग सात-आठ वर्षांपासूनची मुले हंगामापुरती मालकाकडे जात. आईबापांच्या हातावर थोडी रक्कम पडे. आपल्याकडच्या ऊसतोडीतली 'उचल' आठवली, की हा हिशेब वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

मूलच का, याचे उत्तर धुराड्याच्या मापात होते. मोठ्या माणसाचे खांदे आत शिरत नसत. मूल गुडघे आणि कोपरे भिंतीला टेकवत वर सरके, काजळी खरवडत जाई. ती डोळ्यांत, नाकातोंडात पडे. अंगाने भरलेले पोर मालकाच्या कामाचे नव्हते, म्हणून जेवणही बेताचे. इंग्लंडमध्येही हेच चाले. तिथे 1840 च्या कायद्याने एकवीस वर्षांखालच्यांना धुराड्यात चढवायला बंदी घातली, पण ती कागदावर राहिली. 1875 मध्ये जॉर्ज ब्रूस्टर हा मुलगा धुराड्यात अडकून मेला, तेव्हा कुठे कायद्याला दात आले.

कादंबरीतली मिलानची पोरे मात्र नुसती सोसत नाहीत. ती शपथ घेऊन संघटना बांधतात. आल्फ्रेदो त्यांचा म्होरक्या. एकाचे दुखणे ते सगळ्यांचे. हा भाग मला 1838 चा वाटत नाही, तो 1930 च्या दशकातल्या बर्लिनचा वाटतो.

त्याला कारण आहे. लिझाबाईंचे पती कुर्ट क्लेबर हे कामगारांतून आलेले लेखक, जर्मन कम्युनिस्ट पक्षाचे सभासद, 'दी लिंक्सकुर्व्ह' या डाव्या मासिकाच्या संपादकांपैकी एक. 1933 मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर राइशस्टाग, म्हणजे जर्मन संसदेची इमारत, जळाली; त्यानंतर त्यांना अटक झाली. सुटल्यावर दोघांनी देश सोडला आणि तिचिनोतल्या कारोना गावी आसरा घेतला. त्याच वसंतात जर्मन नाटककार ब्रेख्तही काही दिवस तिथे राहून गेला. पुढे स्टालिनच्या कारभाराला विटून क्लेबर पक्षातून बाहेर पडले. पक्ष सुटला, एकजुटीवरचा विश्वास सुटला नसावा. म्हणूनच बहुधा या पोरांच्या संघटनेला ना झेंडा आहे, ना वरून येणारा आदेश.

आणखी एक गंमत, कडवट. निर्वासित म्हणून क्लेबर यांना स्वित्झर्लंडमध्ये लेखन प्रसिद्ध करायला मनाई होती. या कादंबरीत त्यांचा मोठा हात होता, तरी मुखपृष्ठावर नाव आले एकट्या पत्नीचे. मुलांना जबरीने कामाला जुंपल्याची गोष्ट लिहिणाऱ्यालाच काम करायची परवानगी नव्हती! 1941 मध्ये त्यांनी अनाथ पोरांच्या टोळीवरची 'दी रोटे झोरा' छापली, तीही कुर्ट हेल्ड या टोपणनावाने.

1995 मध्ये जपानी दूरचित्रवाणीने 'काळे भाऊ'वर कार्टून मालिका केली. तिथे जॉर्जोचा रोमिओ झाला. आणि सीमेपलीकडच्या इटलीत, व्हिजेत्सो खोऱ्यातल्या सांता मारिया माज्जोरे गावात, दर सप्टेंबरला देशोदेशीचे धुराडे-सफाई कामगार काळ्या कपड्यांत, खांद्यावर ब्रश टाकून मिरवणुकीने चालतात. याही खोऱ्यातून एकेकाळी मुले धुराड्यांच्या कामाला जात.